सत्तावीस मैदानं, एक उन्हाळा: बिनपगारी रजा घ्यावी का?

न्यू जर्सीतल्या एडिसनहून एका वाचकांचं पत्र आलं आहे. वय ५१, सॉफ्टवेअरमध्ये नोकरी, पगार वर्षाला १,४०,००० डॉलर. पत्नी ४८ वर्षांच्या, एका इस्पितळाच्या प्रयोगशाळेत काम करतात. मुलगी पुढच्या उन्हाळ्यात हायस्कूल संपवून कॉलेजला निघेल. तिघांनाही बेसबॉलचं वेड. मेजर लीग या अमेरिकेतल्या सर्वोच्च व्यावसायिक साखळीच्या तीस मैदानांपैकी न्यूयॉर्कची दोन आणि फिलाडेल्फियाचं अशी तीन पाहून झाली आहेत. उरलेली २७ त्या एकाच उन्हाळ्यात पाहायची, गावोगावची बिअर चाखायची, तिथलं खाणं खायचं, असा बेत आहे. त्यासाठी दहा आठवडे बिनपगारी रजा. खर्चाचा अंदाज २४,००० डॉलर: त्यातले १०,००० हातात आलेल्या बोनसचे, बाकीचे वर्षभर ४०१(के) मधली, म्हणजे नोकरीतल्या निवृत्ती-बचत खात्यातली, भर थांबवून. ‘गरज पडली तर बिअर आणि खाण्यात हात आखडता घेऊ. पण मुलगी पुन्हा अशी आमच्यासोबत येणार नाही आणि माझे गुडघेही नंतर ऐकणार नाहीत. करू का?’ असं ते विचारतात.

माझं उत्तर: जा, पण त्या उन्हाळ्यात सातच मैदानं करा, तिघांनी मिळून, पगारी रजेत. उरलेली वीस पुढच्या पाच हंगामांत तुम्ही दोघांनी करा. आणि बिअर-खाण्यात हात मुळीच आखडू नका.

तुमच्या अंदाजात २४,००० डॉलर दिसतात, पण या बेताची किंमत तेवढी नाही. दहा आठवड्यांचा बुडालेला पगार करापूर्वी सुमारे २७,००० होतो. तुमची कंपनी पगाराच्या ५ टक्के रक्कम ४०१(के) मध्ये घालते. तुम्ही भर थांबवली की तिचेही ७,००० थांबतात. हे सात हजार वर्षाला सहा टक्क्यांनी वाढले असं धरलं तर पंधरा वर्षांत १६,८०० च्या आसपास जातात, आणि तोवर तुम्ही ६६ वर्षांचे असाल. म्हणजे प्रवासाबाहेरच ३४,००० डॉलर गेले. आता बिअरचा हिशोब पाहा. मैदानात एक ग्लास पंधरा डॉलरला धरला आणि दोघांनी प्रत्येक सामन्यात दोन-दोन ग्लास घेतले, तरी २७ सामन्यांचे १,६२० डॉलर होतात. ज्या आनंदासाठी निघालात त्यालाच कात्री लावून चौतीस हजारांचं भोक बुजणार नाही. खर्च वाढतोय तो सगळं एका उन्हाळ्यात कोंबण्यामुळे.

वेळही अवघड निवडली आहे. कॉलेजच्या पहिल्या सत्राचं बिल साधारण जुलै-ऑगस्टमध्ये भरायचं असतं, म्हणजे दहा आठवडे पगार नसताना तेच बिल दारात उभं राहील. बिनपगारी रजेत आरोग्य विम्याचा हप्ता खिशातून भरावा लागू शकतो, तेही तुमच्या हिशोबात नाही. बोनस संपलेला, पगार बंद आणि बिल आलेलं, अशा वेळी लोक क्रेडिट कार्डाकडे वळतात. त्यावरचं वीस टक्क्यांहून जास्त व्याज पुढची दोन वर्षं पिच्छा सोडत नाही.

तरी तुमचं पत्र मी दोनदा वाचलं, कारण त्यातला मुलीबद्दलचा मुद्दा खरा आहे आणि तो आकड्यांत बसत नाही. तो उन्हाळा नंतर विकत मिळणार नाही. म्हणून ‘आत्ता नको, निवृत्तीनंतर जा’ असं मी म्हणणार नाही. पण दहा आठवड्यांत सत्तावीस मैदानं म्हणजे आठवड्याला जवळजवळ तीन सामने आणि मधला सगळा वेळ हायवेवर. अठराव्या वर्षी मुलीला त्या उन्हाळ्यात मैत्रिणींचाही निरोप घ्यायचा असेल. तिला एकदा विचारा, किती दिवस यायला आवडेल.

माझ्या डोक्यात सोळा दिवसांची फेरी आहे, स्वतःच्या गाडीने. एडिसनहून पिट्सबर्ग, तिथून क्लीव्हलंड, डेट्रॉइट, शिकागो, मिलवॉकी आणि परतीच्या वाटेवर सिनसिनाटी. शिकागोत दोन मैदानं आहेत, म्हणून सात. पिट्सबर्गचं पीएनसी पार्क २००१ चं. सामन्याच्या दिवशी क्लेमेंटे पूल गाड्यांना बंद करतात आणि लोक चालत नदी ओलांडून मैदानात जातात. तुमच्या पत्नी शाकाहारी आहेत असं लिहिलंय, त्यांना तिथे पिरोगी आवडतील: बटाटा-चीजचं सारण भरून उकडलेले आणि लोण्यावर परतलेले. क्लीव्हलंडला सामन्याआधी वेस्ट साइड मार्केट फिरा. शेजारीच १९८८ पासूनची ग्रेट लेक्स ब्रुइंग आहे. शिकागोत रिगली फील्ड, १९१४ चं. तिथे आणि व्हाइट सॉक्स संघाच्या मैदानावर दोन्हीकडे रेड लाइन ट्रेन जाते, गाडी हॉटेलवरच ठेवा. मिलवॉकीत सामन्याआधी वाहनतळावरच शेगड्या पेटवून ब्राटवुर्स्ट (जर्मन सॉसेज) भाजतात, आणि खेळाच्या मध्येच सॉसेजच्या वेषातल्या माणसांची शर्यत लागते. ती पाहायला मुलगी हवीच. सिनसिनाटीत स्पॅगेटीवर घातलेली चिली (मसालेदार दाट रस्सा) मांसाची असते, पण काळा राजमा आणि भाताचा शाकाहारी प्रकारही मिळतो.

या फेरीचा खर्च तिघांचा मिळून सुमारे ६,००० धरा: हॉटेल २,६००, तिकिटं सव्वासातशे, खाणं-पिणं दोन हजारांच्या थोडं वर, बाकी पेट्रोल आणि पार्किंग. तो बोनसमधून करा. उरलेले ४,००० वेगळ्या बचत खात्यात टाका आणि मुलीच्या पहिल्या सत्राचं बिल भरून झालं की त्यात दरमहा ३०० घाला. पाच वर्षांत व्याज न धरता २२,००० जमतात. बाल्टिमोर, वॉशिंग्टन आणि बॉस्टन ॲमट्रॅक रेल्वेने करा, तिन्हींचे मिळून दीड हजार. लांबची सतरा, दर मैदानाला दोघांचे मिळून सरासरी हजार डॉलर धरून, सतरा हजार. साडेतीन हजार महागाईसाठी राहतात. कॅलिफोर्नियाची पाच एका फेरीत करता येतील. त्यात एक गोम आहे: ॲथलेटिक्स संघ ओकलंड सोडून सध्या सॅक्रामेंटोत खेळतो आणि २०२८ मध्ये लास व्हेगासला जायचा त्याचा बेत आहे. सॅक्रामेंटोसाठी वेगळं विमान मुळीच करू नका.

तिकिटांचे भाव मागणीप्रमाणे बदलतात. यांकीज किंवा डॉजर्स हे संघ पाहुणे असले की चढतात, मंगळवार-बुधवारी साधारण उतरतात. मे २०२५ पासून सक्तीच्या शुल्कांसह पूर्ण किंमत आधीच दाखवणं केंद्रीय नियमाने बंधनकारक आहे, त्यामुळे तुलना सोपी झाली आहे. पावसाने सामना रद्द झाला तर तिकीट बदलून मिळतं, विमान आणि हॉटेल मिळत नाही. सिएटल, फिनिक्स, ह्यूस्टन, आर्लिंग्टन, मायामी, टोरांटो इथे छत बंद होतं. डेन्व्हर आणि मिनियापोलिसला मात्र छत नाही, तिथे मालिकेचा पहिला सामना धरा, म्हणजे पुढचा दिवस हाताशी राहतो. बहुतेक मैदानांत घरचं खाणं नेऊ देतात, चटणी सँडविच सोबत असलं तर पत्नींची पंचाईत होणार नाही. बिअरचा एक ग्लास मैदानात घ्या, दुसरा आधी गावातल्या ब्रुअरीत. तिथे तो साधारण अर्ध्या किमतीत पडतो आणि बनवणारा माणूस बोलायलाही भेटतो.

एका गोष्टीवर मात्र तडजोड नको: बिअर घेतल्यावर गाडी चालवायची नाही, एका ग्लासनंतरही नाही. जिवाचा धोका पहिला, पण पैशांचंही ऐका. न्यू जर्सीत दारू पिऊन गाडी चालवल्याचा गुन्हा पहिल्यांदा सिद्ध झाला की दंडाखेरीज वर्षाला १,००० डॉलर अधिभार तीन वर्षं भरावा लागतो, आणि विम्याचा हप्ता वाढतो तो वेगळाच. हे वाचणारे जे कामाच्या व्हिसावर आहेत त्यांचा व्हिसा नुसत्या अटकेनेही रद्द होऊ शकतो. मिलवॉकीत अनेक बार मैदानापर्यंत फुकट बस सोडतात, तिचा उपयोग करा.

या आठवड्यात दोन कामं करा. मुलीच्या कॉलेजची ओरिएंटेशनची तारीख काढा आणि तिच्या आधीचे सोळा दिवस पगारी रजेसाठी मागा. हंगामाचं वेळापत्रक आलं की सातही संघ त्या दिवसांत आपापल्या घरी आहेत का ते आधी तपासा, हॉटेलं रद्द करता येतील अशीच घ्या. ४०१(के) चा फॉर्म भरून ठेवला असेल तर तो पाठवू नका.