आजोबांच्या ट्रंकेतल्या जुन्या फोटोत एक विचित्र विमान आहे, कशाशीच जुळत नाही. ते कसं ओळखायचं?

तुम्ही लिहिलंय की फोटो कृष्णधवल आहे, विमानावर एकही अक्षर नाही आणि नेटवर तीन वेगवेगळी नावं सापडली. ती तिन्ही आधी बाजूला ठेवा. एकदा नाव डोक्यात बसलं की डोळे तेवढंच बघतात.

सोलापुरात नवी पेठेत आमचा फोटो स्टुडिओ होता. जुने फोटो दुरुस्त करता करता मला विमानांचा नाद लागला, म्हणून सुरुवात फोटोपासूनच करतो. निगेटिव्ह पालथी लागली की डावं-उजवं बदलतं. शेजारी उभ्या माणसांचे शर्ट बघा: सगळ्यांचे खिसे उजव्या छातीवर दिसले तर फोटो उलटा छापलाय. प्रायोगिक विमानांत याने मोठा घोळ होतो. जर्मनीच्या ब्लोम उंड फॉस बीव्ही 141 मध्ये माणसांची केबिन उजवीकडे आणि इंजिन डावीकडच्या धडावर होतं. ते उलटं छापलं तर भलतंच विमान तयार होतं.

रंगांवरही विश्वास नको. जुन्या ऑर्थोक्रोमॅटिक, म्हणजे लाल रंग न टिपणाऱ्या फिल्मवर लाल जवळजवळ काळा येतो, पिवळाही गडद होतो आणि निळा फिका पडतो.

मग शेपटीकडे या. प्रयोगात नाक आणि इंजिन बदलतात. शेपूट नि चाकं बरेचदा आधीच्याच विमानाची असतात.

दहाएक वर्षांपूर्वी विजापूर वेशीकडचे एक काका पाकिटात फोटो घेऊन आले. त्यांचे वडील सुतार, काही वर्षं बंगळूरला विमान कारखान्यात होते, एवढंच घरात माहीत. ‘सुताराचं तिथे काय काम? टेबल-खुर्च्या केल्या असतील,’ असं सगळे म्हणायचे. फोटोत मागे झुकलेल्या पंखांचं जेटसारखं विमान आणि बाजूला तिघे जण. ज्याला दाखवावं तो म्हणायचा, हे हंटर, म्हणजे ब्रिटिश बनावटीचं लढाऊ जेट. हंटर 1957 पासून आपल्या हवाई दलात होतं, त्यामुळे पटायचंही. पण हंटरच्या शेपटीचा आडवा पंख उभ्या पंखावर बसवलेला असतो. इथे तो खाली, थेट धडालाच होता.

अगदी बारकाईने, 1200 डीपीआयला स्कॅन केल्यावर विमानापासून पुढे गेलेली एक बारीक रेघ दिसली. आधी निगेटिव्हवरचा ओरखडा वाटला. पण ओरखड्याला सावली नसते. ही रेघ गवतावर टेकली होती तिथे वळली होती आणि तिच्या कडेने काळपट सावली होती. तो दोर होता. फोटोच्या अगदी काठावर डकोटा या मालवाहू विमानाची शेपूट अर्धी कापली गेली होती, दोर तिकडेच जात होता.

जेटला दोर कशाला? जर्मन विमानरचनाकार कुर्ट टांक यांनी बंगळूरच्या हिंदुस्तान एअरक्राफ्ट कारखान्यात मरुत हे लढाऊ विमान आखलं, तेव्हा त्याच मापाचं बिनइंजिनाचं ग्लायडर आधी करून पाहिलं. 1959 मध्ये ते डकोटाच्या मागे बांधून बंगळूरला उडवलं. इंजिनांचं मरुत 17 जून 1961 ला उडालं. आणि ते ग्लायडर लाकडाचं होतं.

हे सांगितल्यावर काका फोटोतल्या मधल्या माणसावर बोट ठेवून बराच वेळ गप्प बसले. त्या माणसाच्या कानामागे पेन्सिल खोचलेली होती.

तुमच्याकडचा फोटो अल्बमला चिकटलेला असेल तर ओढू नका. मागचं लिखाण आणि स्टुडिओचा शिक्का फाटून जातो. सुटा असेल तर दोन्ही बाजू स्कॅन करा, कडा अजिबात कापू नका. मोबाइलवर फोटो उजळून साफ करणारी अ‍ॅप तर वापरूच नका, ती असला दोर ओरखडा समजून पुसून टाकतात. स्कॅनसोबत आजोबा तेव्हा कुठल्या गावी होते आणि काय काम करायचे तेही लिहा. मी बघतो.