बंदरावर उतरून स्वतःच फिरताना

भूमध्य समुद्रातल्या क्रूझचं बुकिंग केलेल्या वाचकांची बरीच पत्रं साठली आहेत. बहुतेकांना एकच गोष्ट विचारायची आहे: जहाजाची सहल, म्हणजे बंदरावर जहाज कंपनीच नेते ती सहल, न घेता ट्रेन-बसने स्वतः फिरून वेळेत परत येता येईल का? नक्की येतं. मी वर्षानुवर्षं तसंच फिरते आहे. मात्र सगळा हिशोब परतीच्या वेळेपासून उलटा मांडायचा, आणि तोही घरीच, कागदावर.

आमचं जहाज सकाळी ७ ला चिव्हिताव्हेक्कियाला लागतं आणि संध्याकाळी ७ ला सुटतं. रोमची जहाजाची सहल दोघांना फार महाग पडते. ह्यांचं वय ६६, गुडघे दुखतात. ट्रेनने जमेल का? (पुणे)

जमेल. चिव्हिताव्हेक्कियाला रोमचं बंदर म्हणतात खरं, पण तिथून रोम ७०-८० किलोमीटर आहे. बंदराच्या आत चालत फिरता येत नाही. जहाजापासून शटल बस मिळते, ती बहुधा लार्गो देल्ला पाचे या थांब्यावर सोडते आणि तिथून स्टेशनला जाणारी दुसरी बस मिळते. जुन्या बंदराच्या फाटकापासून समुद्राच्या कडेने स्टेशनपर्यंत पंधरा-वीस मिनिटांची छान सपाट वाट आहे. पण यजमानांचे गुडघे रोमसाठी राखून ठेवा, बसच घ्या.

आता उलटा हिशोब. जहाज ७ ला सुटणार, म्हणजे सगळ्यांनी साडेसहापर्यंत आत हवं. काही जहाजांवर ही वेळ एक तास आधीची असते, आदल्या रात्री खोलीत येणाऱ्या पत्रकात ती नीट वाचा. मी स्वतःसाठी ५ ही वेळ धरते. म्हणजे साडेचारला चिव्हिताव्हेक्किया स्टेशन, त्यासाठी साडेतीनच्या सुमाराची गाडी. मग मी तिच्याही आधीची गाडी पकडायचं ठरवते. ती चुकली तर साडेतीनची हाताशी असते. सकाळी जहाजातून उतरून स्टेशन गाठेपर्यंत साडेआठ आणि रोमला पोचेपर्यंत साडेनऊ होतात. थोडक्यात, रोममध्ये तुम्हाला साडेपाच तास मिळतात. एवढ्या वेळात कोलोसियम, व्हॅटिकन, त्रेव्हीचं कारंजं सगळं उरकायला गेलात तर एकही नीट पाहून होणार नाही.

तुमच्यासाठी मी सान पिएत्रो स्टेशन सुचवेन. रीजनल गाडीने पाऊण ते एक तास लागतो, आणि तिथून सेंट पीटर्स या व्हॅटिकनमधल्या भव्य चर्चचा चौक दहा मिनिटांच्या चालीवर आहे. तेर्मिनी या मोठ्या स्टेशनापर्यंत जाण्याची गरजच नाही. सेंट पीटर्समध्ये प्रवेश मोफत आहे, पण सुरक्षा तपासणीची रांग लांबते, म्हणून सरळ तिथेच जा. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. घुमटावर चढायचा मोह यजमानांनी टाळावा: ५५१ पायऱ्या आहेत आणि लिफ्ट घेतली तरी ३२० उरतात. मग ६४ नंबरच्या बसने लार्गो अर्जेंतिनापर्यंत जाऊन पँथिऑन हे जुनं रोमन देऊळ बघा. या बसमध्ये पाकीटमार असतात, पर्स पुढे धरा. व्हॅटिकनची संग्रहालयं पाहायची असतील तर वार तपासा. महिन्याचा शेवटचा रविवार सोडला तर रविवारी ती बंद असतात.

तिकिटाबद्दल: रीजनल गाडीचं एकेरी तिकीट पाच युरोंच्या आतबाहेर पडतं. रोममध्ये मेट्रो-बस दोन-तीनदा वापरणार असाल तर ‘बीर्ग’ नावाचा दिवसभराचा पास घ्या. तो १२ युरोंच्या आसपास असतो आणि त्यात येण्याजाण्याची ट्रेनही येते. कागदी तिकीट फलाटावरच्या यंत्रात शिक्का मारून घेतल्याशिवाय गाडीत चढू नका. तिकीट खिशात असूनही दंड भरणारे आपले लोक मी पाहिले आहेत, फार वाईट वाटतं.

इटलीत सारखे संप होतात असं ऐकलं. परत येताना गाडीच नसेल तर जहाज थांबतं का? (ठाणे)

तुम्ही स्वतः गेला असाल तर थांबत नाही. जहाजाच्या सहलीची बस अडकली तर जहाज थांबतं किंवा तुम्हाला पुढच्या बंदरावर पोचवण्याची जबाबदारी कंपनी घेते. त्या सहलीच्या किमतीत तुम्ही ही हमी विकत घेत असता.

संपाला तिथे ‘शोपेरो’ म्हणतात आणि तो आधी जाहीर करावा लागतो, त्यामुळे निघण्याच्या आठवड्यात तारखा तपासता येतात. कामाच्या दिवशी संप असला तरी सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ रीजनल गाड्या चालवण्याचं बंधन आहे. आणि इथेच प्रवासी फसतात. सकाळची गाडी मिळते, म्हणून सगळं सुरळीत आहे असं वाटतं, आणि दुपारी परतीची गाडीच नसते. संध्याकाळी ६ नंतरची गाडी तुमच्या काय कामाची? संपाच्या दिवशी जहाजाची सहल घ्या, नाहीतर बंदराच्या गावातच फिरा.

जहाज कंपनीच्या बंदरातल्या एजंटचा फोन नंबर पत्रकात छापलेला असतो. त्याचा फोटो काढून ठेवा. उशीर होतोय असं वाटलं की लगेच फोन करा, जहाज सुटल्यावर नको. आणि घड्याळ जहाजाच्या वेळेवर ठेवा. काही मार्गांवर जहाजाची वेळ आणि गावाची वेळ वेगळी असते.

नेपल्सला ८ ते ४ थांबा आहे. आठ वर्षांच्या मुलीला पोंपेई दाखवायचं आहे. जमेल ना? (नाशिक)

जमेल, पण मी तुम्हाला एर्कोलानोला पाठवणार आहे. आपण ज्याला हर्क्युलेनियम म्हणतो तेच.

दोन्ही गावं इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या एकाच उद्रेकात गाडली गेली, पण गाडली जाण्याची तऱ्हा निराळी. पोंपेईवर आधी तासन् तास हलके दगड आणि राख पडत राहिली, त्या भाराने छपरं कोसळली. एर्कोलानोवर तापलेल्या वायूचे आणि राखेचे लोट धावून आले आणि गाव खोल झाकलं गेलं. त्यामुळे तिथे दुसरे मजले उभे आहेत आणि लाकडाचा कोळसा झाला तरी तुळया, दारं, पलंग टिकून आहेत. मुलीला ‘इथे माणसं राहायची’ हे सांगावं लागणार नाही, ते समोर दिसेल. जुन्या किनाऱ्यावरच्या कमानींमध्ये मात्र सुमारे ३०० माणसांचे सांगाडे सापडले आहेत. ते दाखवायचे की नाही, ते आधी ठरवा.

पोंपेई ६६ हेक्टरांवर पसरलेलं आहे, सावली जवळपास नाही, आणि जुलैत दगडी रस्ते तापतात. आठ वर्षांचं पोर दीड तासात थकतं. एर्कोलानो दोन-अडीच तासांत निवांत बघून होतं.

जायला दोन्हीकडे एकच गाडी आहे, चिर्कुमवेसुव्हियाना. जहाजाचा धक्का अगदी शहरात आहे. समोरच्या मुनिचिपिओ स्टेशनवरून मेट्रोने गारिबाल्दीला जा आणि सोरेंतोकडे जाणारी गाडी पकडा. त्याआधीचं पोर्ता नोलाना हे सुरुवातीचं स्टेशन. तिथून चढलात तर बसायला जागा मिळते, मुंबईत लोकल पकडणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. एर्कोलानो स्काव्ही वीसेक मिनिटांवर आहे आणि तिथून उतारावर सरळ दहा मिनिटं चाललं की फाटक येतं. येताना तोच चढ असतो.

तरीही पोंपेईलाच जायचं असेल, तर ‘पोंपेई स्काव्ही – व्हिला देई मिस्तेरी’ या स्टेशनवर उतरा. नुसत्या ‘पोंपेई’ नावाचं स्टेशन दुसऱ्या रेल्वेमार्गावर आहे. पोंपेईची तिकिटं आता नावानिशी मिळतात, ओळखपत्र जवळ हवं. मुलीला दोन्हीकडे प्रवेश मोफत आहे.

लिव्होर्नोहून फ्लॉरेन्स की पिसा? (इंदूर)

फ्लॉरेन्स ट्रेनने दीड तास, पिसा पंधरा-वीस मिनिटं. एका वर्षी फ्लॉरेन्सहून परतताना आमची गाडी एम्पोलीच्या अलीकडे पन्नास मिनिटं उभी राहिली. लिव्होर्नोला उतरल्यावर बंदरापर्यंत टॅक्सी केली आणि जहाजाची शिडी उचलायला वीस मिनिटं उरलेली असताना आत पोचलो. सोबत माझी आई होती. तिचा तेव्हाचा चेहरा मला आजही आठवतो. तेव्हापासून मुक्काम दहा तासांपेक्षा कमी असेल तर मी फ्लॉरेन्सचं नाव काढत नाही.

पिसाला मनोरा पाहायचा असेल तर पिसा सान रोस्सोरे हे छोटं स्टेशन जवळचं. तिथूनच लुक्का या तटबंदीच्या गावाला गाडी जाते, साधारण अर्धा तास. लुक्काच्या तटावरून चार किलोमीटरची प्रदक्षिणा घालता येते. हा दिवस मला फ्लॉरेन्सच्या धावपळीपेक्षा कितीतरी जास्त आवडतो.

उतरताना पासपोर्ट जवळ लागतो का? (कोल्हापूर)

काही जहाजांवर पासपोर्ट त्यांच्याकडेच राहतात. पासपोर्टाच्या आणि शेंगेन व्हिसाच्या पानांची प्रत सोबत ठेवा, जहाजाचं कार्ड तर हवंच. मार्गात तुर्कस्तान किंवा माँटेनेग्रोसारखा शेंगेनबाहेरचा देश असेल तर व्हिसा एकापेक्षा जास्त प्रवेशांचा घ्या.

आम्ही मुंबईहून गोव्याच्या क्रूझला जातोय. मुरगावला उतरून टॅक्सीशिवाय जुनं गोवं बघता येईल का? (डोंबिवली)

येईल. बंदरापासून वास्कोच्या बसस्टँडपर्यंत रिक्षा किंवा बस घ्या. स्टँडवर कदंबची, म्हणजे गोव्याच्या सरकारी बससेवेची, पणजी शटल मिळते. ती मध्ये थांबत नाही आणि तिकीट खिडकीवरच काढायचं असतं. कुठ्ठाळीचा नवा जुवारी पूल झाल्यापासून तिथली कोंडी पुष्कळ कमी झाली आहे, तरी पणजीपर्यंत एक तास धरा. पणजी स्टँडवरून जुन्या गोव्याच्या बस सतत सुटतात, अंतर दहाएक किलोमीटर. बॉम जेझूस बॅसिलिका आणि समोरचं से कॅथेड्रल निवांत बघा, पणजीत मासळीचं ताट जेवा आणि ३ च्या आधी वास्कोची शटल धरा. संध्याकाळी रांग स्टँडच्या बाहेरपर्यंत जाते.