शिट्टी तिच्याच हातात राहू द्या

प्रश्न : मॅडम, मी तालुक्याच्या गावी सतरा वर्षं क्रीडाशिक्षिका आहे. यंदा बी.पी.एड.चे, म्हणजे शारीरिक शिक्षणाच्या पदवीचे, पाच छात्राध्यापक आमच्या शाळेत पाठ घ्यायला आलेत. त्यातली एक मुलगी रोज रात्री फोन करते. पाठ बिघडला, घरून पैसे आले नाहीत, झोप येत नाही. ऐकून मलाही झोप लागेनाशी झाली आहे. त्यात शालेय स्पर्धा, आणि घसा महिनाभर बसलेला. परवा कबड्डीच्या पाठात वर्गासमोरच तिच्यावर ओरडले. मी मार्गदर्शक व्हायच्या लायकीची आहे का?

उत्तर : ताई, आधी तिची माफी मागा. मैदान रिकामं झालं की दोघी पायरीवर बसा आणि सरळ सांगा, "माझं चुकलं."

मी ती मागितली नव्हती. लेझीमच्या तासाला एका छात्राध्यापकाचा ठेका चुकला, तर मी आठवीच्या मुलांदेखत त्याच्या हातातली शिट्टी काढून घेतली. पुढे आमच्या शाळेतून जाईपर्यंत तो दर वेळी आधी माझ्याकडे बघायचा, मग शिट्टी फुंकायचा. ते बघणं मला अजून आठवतं. चूक निरीक्षण वहीत लिहिता आली असती.

तुम्ही थकला आहात, हे खरं दुखणं आहे. शिक्षक-शिक्षणाच्या २०१४ च्या नियमावलीनं बी.पी.एड. दोन वर्षांचं झालं. अभ्यासक्रम लांबला, पण मार्गदर्शकाच्या वेळापत्रकात या कामाला वेगळा तास कुठे आहे? मुख्याध्यापकांकडे आठवड्याचा एक तास मागा, लेखी मागा. पाठ संपल्यावर दहा मिनिटं तिचं आधी ऐका, मग एकच दुरुस्ती सांगा. रात्री आठनंतर पाठाचा फोन नको, हे पाचही जणांना सांगून टाका.

पैसे आणि झोप हे ओझं मात्र एकटीनं वाहू नका. तिला विचारून तिच्या कॉलेजच्या प्राध्यापकांना सांगा. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर दिवसरात्र चालू असतो, मराठीत बोलता येतं. तो तिला द्या आणि स्वतःजवळही ठेवा. तिच्या तोंडून जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा आली, तर मात्र ना घड्याळ बघा, ना परवानगीची वाट. तिला एकटी सोडू नका, लगेच घरच्यांना आणि डॉक्टरांना कळवा.

घसा महिनाभर बसलाय म्हणता, तर या आठवड्यातच कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. कुजबुजून बोललं तर घशाला आराम मिळतो, असं समजू नका; ताण उलट वाढू शकतो. पाण्याची बाटली जवळ ठेवा, हातांच्या खुणा वापरा. मैदानावर फक्की मारणं, वॉर्म-अप, गुणलेखन पाच जणांत वाटून द्या. त्यांनाही ते शिकायचंच आहे.

तालुका स्पर्धेत आपण क्रीडाशिक्षक झाडाखाली बसतो आणि फक्त सामन्यांच्या ‘ड्रॉ’वरून भांडतो. यंदा शेजारच्या शाळेतल्या मार्गदर्शकाला तुमचं हे सगळं सांगून बघा.

लायकीचं म्हणाल, तर ओरडल्याचं तुम्हाला इतकं लागलं आणि तुम्ही पत्र लिहिलंत. मी तेव्हा कुणालाच सांगितलं नव्हतं. सोमवारी तोच वर्ग, तोच कबड्डीचा पाठ तिलाच द्या. तुम्ही अंतिम रेषेमागे उभ्या राहा, शिट्टी घरी ठेवून.