प्रश्न लावला, उत्तर आले, पुढे काय?

दिवाळी सरली आणि नागपूरच्या अधिवेशनाची चर्चा सुरू झाली की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा सूर बदलतो. एरवी सातबारा आणि वारस नोंदीविषयी विचारणारे वाचक आमदारांविषयी विचारू लागतात. या वेळच्या पत्रांतील चार येथे घेतली आहेत. पहिल्या पत्राला जास्त जागा दिली आहे, कारण त्यातील अडचण बहुतेक गावांची आहे.

प्रश्न : आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकाऱ्यांची दोन पदे आहेत. एक पद दीड वर्षापासून रिक्त आहे आणि दुसऱ्या डॉक्टरांकडे शेजारच्या केंद्राचाही कार्यभार आहे. ग्रामसभेचा ठराव घेऊन आम्ही आमदारांकडे गेलो. अधिवेशनानंतर विचारले तर म्हणाले, ‘लावला ना भाऊ प्रश्न!’ त्यांच्या स्वीय सहायकांनी उत्तराची छापील प्रत मोबाइलवर पाठवली. तीत पहिल्या भागापुढे ‘हे अंशतः खरे आहे’ आणि शेवटच्या भागापुढे ‘प्रश्न उद्भवत नाही’ असे आहे. आमची मागणी फेटाळली गेली, असे समजायचे काय? – एक वाचक, जि. यवतमाळ

उत्तर : नाही, फेटाळली गेलेली नाही. मात्र ती मान्य झाली असेही या उत्तरात कोठे म्हटलेले नाही. सोबत पाठवलेली प्रत मी दोनदा वाचली. तारांकित प्रश्नाचा, म्हणजे सभागृहात तोंडी उत्तर मागणाऱ्या प्रश्नाचा, साचा ठरलेला असतो आणि तो समजला की उत्तरातील प्रत्येक शब्द कोठून आला हे कळते. ‘सन्माननीय सार्वजनिक आरोग्य मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय’ अशी सुरुवात होते. त्यानंतर पहिल्या भागात वस्तुस्थिती मांडून ‘हे खरे आहे काय’ असे विचारतात, दुसऱ्या भागात ‘असल्यास, चौकशी केली आहे काय’, तिसऱ्यात ‘असल्यास, कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे’ आणि शेवटी ‘नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत’. तिसऱ्या भागाला ‘पद भरण्याची कार्यवाही सुरू आहे’ असे एक वाक्य लिहिले की शासनाच्या लेखी विलंबच उरत नाही आणि मग शेवटच्या भागापुढे ‘प्रश्न उद्भवत नाही’ हे शब्द आपोआप येतात. तुमच्या गावाला झिडकारण्यासाठी ते लिहिलेले नाहीत. ‘नसल्यास’ने सुरू होणाऱ्या वाक्याचे ते उत्तर आहे, इतकेच.

‘अंशतः खरे आहे’ याकडे मात्र नीट पाहायला हवे. तुमच्या आमदारांच्या प्रश्नाचा पहिला भाग असा आहे : ‘तालुक्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रांमध्ये वैद्यकीय अधिकाऱ्यांची पदे रिक्त असल्याने रुग्णांची प्रचंड गैरसोय होत आहे, हे खरे आहे काय?’ येथे एका वाक्यात दोन दावे जोडले आहेत. पदे रिक्त आहेत हे नाकारणे शासनाला शक्य नव्हते, कारण ती आकडेवारी त्याच्याच दप्तरात आहे. ‘प्रचंड गैरसोय’ मात्र कोणत्याही नोंदवहीत नसते. म्हणून पहिले मान्य केले, दुसरे सोडून दिले आणि दोन्ही मिळून उत्तर ‘अंशतः’ झाले. त्याऐवजी, ‘अमुक केंद्रातील पद अमुक दिनांकापासून रिक्त आहे, हे खरे आहे काय? असल्यास, त्या दिनांकापासून आजपर्यंत किती दिवस बाह्यरुग्ण विभाग वैद्यकीय अधिकाऱ्याविना चालला? त्या काळात किती गरोदर मातांना उपजिल्हा रुग्णालयात पाठवावे लागले?’ असे विचारले असते, तर उत्तरात आकडे द्यावेच लागले असते. बाह्यरुग्ण नोंदवही आणि संदर्भसेवेची नोंद प्रत्येक केंद्रात ठेवलेली असते.

हे आकडे उत्तरात येतात कसे, तेही सांगतो. विधानमंडळ सचिवालयाने स्वीकारलेला प्रश्न मंत्रालयातील विभागाकडे जातो. तेथून तो आरोग्य सेवेच्या वरिष्ठ कार्यालयाकडे, मग अकोल्याच्या उपसंचालकांकडे, त्यांच्याकडून जिल्हा परिषदेतील जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे, तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे आणि शेवटी ज्या केंद्राविषयी तक्रार आहे त्याच केंद्राकडे उतरतो. त्या पत्रावर विधानमंडळ कामकाज असल्याचा आणि तातडीचा शेरा असतो, त्यामुळे एरवी महिनोन्महिने पडून राहणारी माहिती दोन दिवसांत तयार होते. ती त्याच पायऱ्यांनी वर चढते आणि प्रत्येक पायरीवर एखादा टोकदार शब्द बोथट होतो. मी काही वर्षे अधिवेशनाचे वार्तांकन केले. माझा अनुभव असा की मंत्र्यांच्या उत्तराचा मसुदा बहुतेक वेळा तालुक्याच्या ठिकाणीच लिहिला गेलेला असतो. त्यावर फक्त मंत्रालयाची भाषा चढते. म्हणूनच गावाने आमदारांना निवेदनासोबत तारखा आणि आकडे द्यायला हवेत. ठरावात ‘गैरसोय होत आहे’ असे लिहून गाव मोकळे झाले, की तेच शब्द प्रश्नात उतरतात आणि उत्तर देणाऱ्याचे काम सोपे होते.

आपल्या आमदारांनी ‘प्रश्न लावला’ हे खरे आहे, पण लावलेला प्रत्येक प्रश्न सभागृहात पुकारला जात नाही. प्रश्नोत्तराच्या तासात छापील यादीतील मोजकेच प्रश्न चर्चेला येतात. जो पुकारला जातो, त्यावर उपप्रश्न विचारता येतात. खरी कसोटी तेथेच लागते, कारण उपप्रश्नाचे उत्तर आधी लिहून ठेवलेले नसते. त्या वेळी मागच्या दालनातील अधिकारी चिठ्ठ्या पाठवू लागतात. उत्तराने समाधान झाले नाही, तर अध्यक्ष प्रश्न राखून ठेवू शकतात. तुमच्या प्रतीत प्रश्नाच्या माथ्यावर तुमच्या आमदारांसोबत आणखी पाच नावे आणि त्यांचे मतदारसंघ कंसात दिले आहेत. एकाच विषयावरील प्रश्न एकत्र केल्याची ती खूण आहे. त्यांपैकी एकानेही पाठपुरावा केला, तरी तुमच्या केंद्राचा विषय पुन्हा निघू शकतो.

एक बारकावा. प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेच्या अखत्यारीत असले, तरी तेथील गट-अ वैद्यकीय अधिकाऱ्यांची नेमणूक राज्य शासन करते. आरोग्य सेविका जिल्हा परिषदेच्या कर्मचारी असतात. म्हणजे डॉक्टरांच्या पदासाठी विधानसभेची वाट धरणे योग्यच होते. उपकेंद्रातील सेविकेचे पद रिक्त असेल, तर त्यासाठी प्रथम मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांकडे जावे.

आता काय करावे? ‘कार्यवाही सुरू आहे’ हे वाक्य कोणत्या जाहिरातीच्या, कोणत्या आदेशाच्या आधारे लिहिले, हे माहितीच्या अधिकारात विचारा. २००५ च्या कायद्यानुसार सामान्यतः ३० दिवसांत माहिती मिळायला हवी. अर्जात प्रश्नाचा क्रमांक आणि अधिवेशनाचे वर्ष न विसरता लिहा. आलेले उत्तर आमदारांना द्या आणि पुढच्या अधिवेशनात त्याच क्रमांकाचा संदर्भ देऊन प्रश्न विचारायला सांगा. शासनाने पूर्वी काय लिहून दिले आहे, याची आठवण करून देणारा प्रश्न टाळणे सर्वांत कठीण असते.

प्रश्न : आमच्या गावाजवळच्या रेल्वे भुयारी मार्गात पावसाळ्यात कमरेइतके पाणी साचते. आमदार म्हणतात, हे माझ्या हातात नाही. ते टाळाटाळ करीत आहेत काय? – एक वाचक भगिनी, जि. गोंदिया

उत्तर : अर्धे खरे आहे. संविधानाच्या सातव्या अनुसूचीत रेल्वे संघसूचीत, म्हणजे केंद्राच्या विषयांच्या यादीत, आहे, त्यामुळे भुयारी मार्गाविषयी विधानसभेत प्रश्न स्वीकारला जाण्याची शक्यता फार थोडी. तो खासदारांनी लोकसभेत विचारायचा. मात्र मार्गाकडे जाणारा रस्ता, त्याच्या कडेची नाली आणि पाण्याचा पुढचा निचरा ही कामे बहुधा सार्वजनिक बांधकाम विभागाची किंवा जिल्हा परिषदेची असतात. पाणी भुयारातून बाहेर पडत नाही, की बाहेरून आत शिरते, हे एकदा पावसात उभे राहून पाहा. ते शिरत असेल, तर आमदारांना सुटका नाही.

प्रश्न : हिवाळी अधिवेशन नागपूरला भरते म्हणून विदर्भाचे प्रश्न अधिक मांडले जातात काय? आम्ही महाविद्यालयातील मुले याच विषयावर वाद घालत बसलो आहोत. – एक विद्यार्थी, जि. अमरावती

उत्तर : मांडले जातात, पण त्यामागचा इतिहास वाटतो तितका सरळ नाही. विदर्भाने मराठी भाषकांच्या एका राज्यात सामील व्हावे म्हणून २८ सप्टेंबर १९५३ रोजी झालेल्या नागपूर करारात वर्षातून किमान एक अधिवेशन नागपुरात घेण्याची आणि शासनाने ठरावीक काळ येथे येऊन कारभार करण्याची अट होती. १९५६ पर्यंत मध्य प्रदेशाची राजधानी असलेल्या नागपूरचा तो मान जाणार होता, त्याच्या बदल्यातील ती अट. नंतर सेवासुविधांचा अनुशेष, म्हणजे इतर भागांच्या तुलनेत राहिलेली तूट, हा शब्द विदर्भातील प्रत्येकाच्या तोंडी बसला. तो मोजण्यासाठी १९८३ मध्ये दांडेकर समिती नेमली गेली, आणि १९९४ मध्ये स्थापन झालेल्या विकास मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली. तेव्हापासून विदर्भाचा वाटा कोठे मोजला जातो, हे विचारण्याची मुख्य जागा पुन्हा सभागृहच उरली.

त्या जागेला वेळ किती मिळतो, ते मात्र पाहिले पाहिजे. २०२० आणि २०२१ ची हिवाळी अधिवेशने करोनामुळे मुंबईतच झाली. २०२४ चे अधिवेशन नागपुरात १६ ते २१ डिसेंबर असे सहा दिवसांत आटोपले. मंत्र्यांचा शपथविधी १५ डिसेंबरला झाला आणि खातेवाटप थेट २१ तारखेच्या रात्री. आरोग्य खाते कोणाकडे, सिंचन कोणाकडे, हेच ठरलेले नसताना त्या खात्यांचा प्रश्न कोणाला विचारायचा? मोर्चे मात्र ठरल्याप्रमाणे निघाले, पोलिसांनी ठरल्याप्रमाणे अडवले. गोसीखुर्दचेच उदाहरण घ्या. वैनगंगेवरील या सिंचन प्रकल्पाचे भूमिपूजन २२ एप्रिल १९८८ रोजी झाले, तेव्हा खर्चाचा अंदाज सुमारे ३७२ कोटी रुपये होता. त्यानंतर इतक्या अधिवेशनांत त्यावर प्रश्न आले की नुसत्या उत्तरांचे गठ्ठे बांधले तरी कालव्याची एखादी मोरी बुजेल. अधिवेशन नागपुरात असल्याचा फायदा भंडाऱ्याच्या शेतकऱ्याला इतकाच, की त्याला मंत्र्यांना गाठायला मुंबईचे तिकीट काढावे लागत नाही. माझ्या मते हा फायदा लहान नाही. वादात दोन्ही बाजूंना अर्धे गुण द्या.

प्रश्न : आमच्या पुलाविषयीच्या लक्षवेधीला उत्तर देताना मंत्र्यांनी ‘तीन महिन्यांत काम सुरू करू’ असे सभागृहात सांगितले. दीड वर्ष झाले. आता कोणाकडे जावे? – ग्रामपंचायत सदस्य, जि. बुलढाणा

उत्तर : विधानसभेच्या नियम १०५ अन्वये आलेल्या लक्षवेधी सूचनेवर, म्हणजे तातडीच्या विषयाकडे मंत्र्यांचे लक्ष वेधणाऱ्या सूचनेवर, मंत्री सभागृहात असे बोलले असतील, तर ते आश्वासन ठरू शकते आणि त्याचा पाठपुरावा करण्यासाठी विधानमंडळाची आश्वासन समिती आहे. ती विभागाच्या सचिवांना बोलावून विचारू शकते. आपण त्या दिवसाच्या कार्यवाहीचा उतारा मिळवा आणि मंत्र्यांचे नेमके शब्द तपासा. ‘सुरू करू’ म्हणाले, की ‘सुरू करण्याबाबत तपासून पाहू’ म्हणाले? दुसरे असेल, तर ते आश्वासन धरले जाईल याची खात्री देता येत नाही. पहिले असेल, तर उताऱ्याची प्रत आणि पुलाच्या सद्यःस्थितीची तारीख असलेली छायाचित्रे जोडून आपल्या आमदारांमार्फत समितीच्या अध्यक्षांना पत्र द्या. पत्राची पोच घ्या आणि ती पोच ग्रामपंचायतीच्या दप्तरात लावून ठेवा, कारण पुढच्या निवडणुकीनंतर आमदार बदलले, तर त्यांना पहिल्या दिवशी तीच दाखवावी लागेल.