युनियनला मान्यता: पावत्या मोजायच्या की मतदान घ्यायचं?

प्रश्न: चाकणला कायम कामगार आहे. आम्ही युनियन काढतोय कळल्यावर एचआर म्हणतंय, "हवी का नको यावर गुप्त मतदान घेऊ, लोकशाही आहे." हो म्हणावं का?

नाही. युनियन काढायला बहुमत लागतच नाही हो आपल्याकडे. नोंदणीसाठी १० टक्के किंवा १०० कामगार, यातलं जे कमी ते, आणि निदान ७ जण, बस. कंपनीने घेतलेल्या असल्या मतदानाला कायद्यात काडीची किंमत नाही, पण हरलात तर पोरांचा धीर मात्र जातो. आणि यादी कोण करणार, मतपेटी कुठे ठेवणार, तारीख कोण ठरवणार? कंपनीच ना. तारीख जाहीर झाल्यापासून मतदानापर्यंत सुपरवायझर एकेकाला केबिनमध्ये बोलावून "तुझं कन्फर्मेशन बाकी आहे बरं का" म्हणतो, मग चिठ्ठी कितीही गुप्त असू दे, काय उपयोग. त्यापेक्षा गेटबाहेर, कुणाच्या तरी खोलीवर बसून सभासद वर्गणीच्या पावत्या फाडा. फक्त सभासदांची यादी व्हॉट्सअॅपवर फिरवू नका, ती पहिल्यांदा एचआरकडेच पोचते.

प्रश्न: आमच्याकडे दोन युनियन. मान्यताप्राप्त जुनीच, पण गेट मीटिंगला गर्दी नवीनकडे. निम्म्या पोरांनी दोन्हीकडे पावती फाडलीय. खरी कुणाची?

इथे मात्र माझं मत उलटं आहे, इथे गुप्त मतदानच हवं. महाराष्ट्राच्या १९७१ च्या कायद्यात (एमआरटीयू-पीयूएलपी) मान्यता, म्हणजे सगळ्यांच्या वतीने कंपनीशी बोलणी करायचा हक्क, मिळते ती अर्जाआधीचे सलग ६ महिने ३० टक्के सभासद दाखवून, म्हणजे इन्डस्ट्रियल कोर्टाचा अधिकारी पावत्या, वर्गणी, रजिस्टर तपासतो. मग पोरगं दोघांनाही पैसे देतं, एकाला मनापासून आणि दुसऱ्याला भीतीने किंवा भिडेने, आणि कागदावर दोन्ही सारखंच दिसतं.

याचं सगळ्यात मोठं आणि वाईट उदाहरण मुंबईच्या गिरण्यांचं. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याखाली सगळ्या गिरण्यांसाठी बोलायचा हक्क एकट्या राष्ट्रीय मिल मजदूर संघाला, आणि कामगार गेले दत्ता सामंतांच्या मागे. १८ जानेवारी १९८२ ला सुमारे अडीच लाख लोक बाहेर पडले, त्यांच्या मागण्यांत पगारवाढीसोबत तो कायदाच रद्द करा हीपण होती. सरकार आणि मालक म्हणत राहिले की कायद्याने युनियन एकच, तिच्याशीच बोलू. एक मतदान घेतलं असतं तर गिरण्या वाचल्या असत्या असं मी म्हणणार नाही, जमिनीचा भाव वगैरे बरंच होतं त्यात, पण लोक कुणाच्या मागे आहेत हा वाद तरी आठवड्यात मिटला असता.

मतदान काही अशक्य नाही. रेल्वेत २००७, २०१३ आणि २०२४ ला झालं. अर्थात मधली ११ वर्षं बघा, मतदान ठेवलं पण वेळेवर घेतलंच नाही तर तेही जुन्या युनियनच्याच पथ्यावर.

प्रश्न: नवीन कायद्यात मान्यतेला ५१ टक्के लागतात म्हणे?

एकापेक्षा जास्त युनियन असतील तर हो. औद्योगिक संबंध संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू आहे. ५१ टक्के कुणाकडेच नसतील तर किमान २० टक्केवाल्यांची मिळून वाटाघाट परिषद. यात गोम अशी की टक्के मस्टरवरच्या (हजेरीपटावरच्या) सगळ्या कामगारांवर मोजायचे, म्हणजे रजेवर असलेला किंवा घाबरून गप्प बसलेला आपोआप तुमच्या विरोधात धरला जातो. आणि अर्ज जुन्या राज्य कायद्याखाली टाकायचा की संहितेखाली, हे आधी वकिलाकडून लिहून घ्या.

प्रश्न: भाऊ न्यू जर्सीत वेअरहाऊसमध्ये आहे. म्हणतो युनियन हवी अशा कार्डावर सही केली तरी परत मतदान. असं का?

तिकडे ३० टक्के कार्डं झाली की सरकारी बोर्डाकडे निवडणूक मागता येते. बहुमताच्या कार्डांवरच मान्यता द्यावी असं बिल २००९ ला आलं होतं, सिनेटमध्ये अडकलं. मालकांचं म्हणणं, कार्डावर सही दबावाने होते. युनियनचं म्हणणं, मधल्या आठवड्यांत मालक दबाव आणतो. दोघंही बऱ्यापैकी खरं बोलतात. तरी स्टेटन आयलंडच्या अॅमेझॉन गोदामात २०२२ ला मतदानातूनच युनियन जिंकली, २,६५४ विरुद्ध २,१३१. भावाला सांगा, निम्म्याच्या बऱ्याच वर कार्डं झाल्याशिवाय निवडणूक मागू नका, मधल्या काळात थोडे गळतातच.

प्रश्न: मी कंत्राटी. माझं मत धरतात का?

बहुतेक वेळा नाही. कंपनी म्हणते तू ठेकेदाराचा, आणि २००१ च्या सिपला केसमध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की मालक-कामगार हे नातंच वादात असेल तर १९७१ च्या कायद्याखाली तक्रार चालत नाही, आधी नातं सिद्ध करून या. गेटपास, हजेरी, पीएफची पावती जपून ठेवा. आणि कायमवाल्यांना विचारा, पुढच्या करारात आमचा एक तरी मुद्दा घालताय का.