फोर व्हील ड्राइव्ह लागत नाहीये? आधी हे बघ

अरे घाबरू नकोस, पिकअपचा फोर बाय फोर लागला नाही म्हणजे लगेच ट्रान्सफर केस (इंजिनची ताकद पुढच्या-मागच्या चाकांत वाटणारा गिअरबॉक्स) गेली असं नसतं, आणि मेकॅनिकने उघडूया म्हटलं तरी आधी थांबवच त्याला.

पहिलं म्हणजे तू लावतोयस कसा? बहुतेक नवीन लोक इथेच चुकतात. फोर एच (चारही चाकं, नेहमीचा वेग) बहुतेक गाड्यांत चालू गाडीत लागतो, पण फोर एल (चारही चाकं, कमी वेग, जास्त ताकद) साठी गाडी पूर्ण थांबवून न्यूट्रलला घ्यावी लागते, नाहीतर डॅशबोर्डवरचा फोर बाय फोरचा दिवा नुसता लुकलुकत राहतो. लुकलुकणं म्हणजे अजून लागलेलं नाही, तेव्हा रेस देऊ नकोस, मातीवर चार-पाच मीटर सरळ पुढे घे, मग थोडं मागे, बऱ्याचदा खट् करून लागतो.

तरी नाही लागला तर:
- फ्यूज बघ
- पुढच्या ॲक्सलवरच्या ॲक्च्युएटरचा (पुढची चाकं जोडणारा भाग) कनेक्टर काढून बघ. माझ्या गाडीत पावसाळ्यानंतर आत चिखल आणि पिना हिरव्या पडलेल्या, क्लीनर मारून ब्रशने घासल्या आणि काम झालं, अर्धा तास फक्त!
- व्हॅक्यूमवाली (हवेच्या ओढीने लागणारी) सिस्टिम असेल तर रबरी पाइप हाताने चाचप, तडा गेलेला असतो किंवा उंदराने कुरतडलेला
- चारही टायर एकाच साइझचे आहेत ना?

आणि कोरड्या डांबरी रस्त्यावर ट्राय अजिबात करू नकोस, वळताना सगळा ताण गिअरांवर येतो. बाकी सेन्सर, स्कॅनर वगैरे नंतर. दिवा लुकलुकतोय की पेटतच नाही, एवढं सांग आधी.