वाचक विचारतात: आरव्ही घेऊन यलोस्टोनला

उन्हाळ्याच्या सुट्टीत भारतातून आई-वडील येतात, मुलांच्या शाळा बंद असतात, आणि मग आरव्ही (झोपायची, स्वयंपाकाची आणि संडासाची सोय असलेली मोठी गाडी) भाड्याने घेऊन अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात जायचं ठरतं. या वेळी आलेली बहुतेक पत्रं त्याचबद्दल आहेत. ड्रायव्हरच्या डोक्यावर पलंग असलेल्या, २५ ते ३० फुटी क्लास सी गाड्या अशा घरांत सर्वांत जास्त घेतल्या जातात. खालची उत्तरं त्याच गाड्या धरून दिली आहेत.

आम्ही सहाजण आहोत: आम्ही दोघं, सात आणि चार वर्षांची मुलं, आणि सत्तरीचे आई-बाबा. भाड्याने देणारे म्हणतात, 'सात जण झोपतील.' मग २५ फुटी पुरेल का? (फ्रीमाँट)

किती जण झोपतील हा आकडा बाजूला ठेवा आणि सीटबेल्ट मोजा. किती बेल्ट आहेत, कोणत्या दिशेला तोंड करून आहेत आणि त्यांतले खांद्याचे किती, हे फोनवर विचारून ईमेलवर लिहून घ्या. मुलांची कारसीट पुढे तोंड असलेल्या बाकावरच लागते. आडव्या सोफ्यावर किंवा मागे तोंड असलेल्या बाकावर ती लावू नये. शिवाय जेवणाच्या टेबलाच्या बाकाला पुष्कळदा नुसता कमरेचा पट्टा असतो, आणि बूस्टरला (मुलाला उंच बसवणारी सीट) तर खांद्याचा पट्टा हवाच. म्हणजे तुमच्या सात वर्षांच्या मुलाचं बूस्टर तिथे चालणार नाही. त्याच्या वजनाला चालेल अशी पाच पट्ट्यांची सीट आधीच बघून ठेवा. गाडी ताब्यात घेताना हे लक्षात आलं तर तिथे काहीच करता येत नाही.

आई-बाबांसाठी मागचा, दोन्ही बाजूंनी उतरता येईल असा पलंग असलेली गाडी घ्या. कोपऱ्यातल्या पलंगावर आत झोपलेल्याला रात्री बाथरूमला जायचं तर दुसऱ्याच्या अंगावरून जावं लागतं. सहाजणांत असा पलंग हवा असेल तर २५ फुटांत भागत नाही, २८ ते ३० फूट घ्या. वरचा पलंग मुलांना द्या.

आणि हे घरात सगळ्यांना आधीच सांगा: गाडी चालू असताना कोणी उठायचं नाही, पलंगावर आडवं व्हायचं नाही, चहा ठेवायचा नाही. निघताना सिलिंडरचा मुख्य व्हॉल्व्ह बंद करा. पेट्रोल भरताना तर तो बंद हवाच.

सॉल्ट लेक सिटीहून गाडी घेतोय. पार्कमध्ये पाच रात्री कुठे राहावं? रोज जागा बदलावी का? (ऑस्टिन)

रोज बदलू नका. प्रत्येक मुक्काम हलवायचा म्हणजे नळ्या, वायर काढणं, भांडी कपाटात अडकवणं, पुन्हा गाडी समतल करणं. येता-जाता दीड-दोन तास त्यातच जातात. दोनच ठिकाणं धरा.

फिशिंग ब्रिजला तीन रात्री. पाणी, वीज आणि ड्रेनेज तिन्ही जोडण्या असलेला पार्कमधला हा एकमेव तळ आहे. आजूबाजूला ग्रिझली अस्वलांचा वावर असल्याने इथे पक्क्या भिंतींच्या गाड्याच चालतात, तंबू लावता येत नाही. इथून कॅनियन १६ मैल आहे आणि वाटेत हेडन व्हॅलीत बायसनचे कळप दिसतात. मग मॅडिसनला दोन रात्री. तिथून ओल्ड फेथफुल (उसळणारा गरम पाण्याचा झरा) १६ मैल आणि वेस्ट यलोस्टोन गाव १४ मैल. मॅडिसनला जोडण्या नाहीत, टाक्या रिकाम्या करायची सोय मात्र आहे. आधी फिशिंग ब्रिज घ्या, म्हणजे गाडीच्या सवयी तिथे अंगवळणी पडतात.

बुकिंग जवळपास वर्षभर आधी करावं लागतं. गाडीची पूर्ण लांबी द्या, मागची शिडी आणि बंपर धरून. सॉल्ट लेक सिटी ते वेस्ट यलोस्टोन साधारण ३२० मैल, आयडाहो फॉल्सवरून. येणं-जाणं आणि आतलं फिरणं धरून हजारेक मैल होतात. या गाड्या गॅलनला ८ ते १० मैल देतात, म्हणजे शंभर ते सव्वाशे गॅलन पेट्रोल.

मॅमथचा अप्पर टेरेस ड्राइव्ह आणि ब्लॅकटेल प्लॅटो ड्राइव्ह हे दोन रस्ते आरव्हीला बंद आहेत. मिडवे गीझर बेसिनचा पार्किंग तळ लहान आहे, सकाळी आठच्या आत पोचा.

घरात सगळ्यांना पाण्याची सवय आहे, नुसता कागद चालत नाही. आरव्हीच्या संडासात पाण्याचा मग घेतला तर बिघडतं का? (एडिसन)

अजिबात बिघडत नाही. उलट ब्लॅक टँकला (संडासाच्या मैल्याची टाकी) पाणी हवंच असतं. कमी पाणी आणि जास्त कागद यानेच ती तुंबते. फक्त हिशोब ठेवावा लागतो. ताज्या पाण्याची टाकी साधारण ४० गॅलन, म्हणजे दीडशे लिटर. ब्लॅक टँक आणि स्वयंपाकघर-न्हाणीची ग्रे टँक, दोन्ही तीस-तीस गॅलनच्या आसपास. गाडीप्रमाणे आकडे बदलतात, कागदपत्रांत बघून घ्या. सहाजण, प्रत्येकी पाच वेळा, दर वेळी मग आणि फ्लश मिळून अडीच लिटर: दिवसाला ७५ लिटर झाले. म्हणजे ब्लॅक टँक दीड दिवसात भरते आणि ताजं पाणी दोन दिवसांत संपतं, तेही भांडी आणि आंघोळ न धरता. म्हणून जोडणी नसलेल्या मॅडिसनला अर्ध्या लिटरचा छोटा मग ठेवा आणि तळावरची स्वच्छतागृहं वापरा.

फिशिंग ब्रिजला ड्रेनेजची नळी जोडली की बरेचजण ब्लॅकचा व्हॉल्व्ह उघडाच ठेवतात. ही सर्वांत महागात पडणारी चूक. पाणी निघून जातं आणि मैला तळाशी साचून घट्ट होतो. मग तो निघत नाही. व्हॉल्व्ह बंद ठेवा आणि टाकी दोन-तृतीयांश भरली की एकदम सोडा. हातमोजे घालून, नळीचं टोक नीट बसलंय ना ते ओढून बघा. आधी ब्लॅक पूर्ण सोडा, बंद करा, मग ग्रे सोडा, म्हणजे साबणाच्या पाण्याने नळी धुतली जाते. रिकाम्या ब्लॅक टँकमध्ये लगेच बादलीभर पाणी घाला. पिण्याच्या पाण्याची नळी वेगळी, सहसा पांढरी असते. ती ड्रेनेजच्या नळीसोबत एका खोक्यात कधीच ठेवू नका.

सिंकमध्ये वरणाचं खरकटं आणि तेल जाऊ देऊ नका. ताटं आधी कागदाने पुसा. ग्रे टँकचा दुसऱ्या दिवशीचा वास बहुतेक यामुळेच येतो.

इंडक्शन आणि किटली एकदम लावली की वीज जाते. गाडी खराब आहे का? (सिअ‍ॅटल)

नाही. ३० अँपिअरची जोडणी म्हणजे १२० व्होल्टवर ३६०० वॅट. इंडक्शन १८०० वॅट म्हणजे १५ अँपिअर, किटली साडेबारा, एसी चालू असेल तर आणखी तेरा-पंधरा. शिवाय भिंतीतले प्लग अनेकदा एकाच १५ किंवा २० अँपिअरच्या सर्किटवर असतात, म्हणून दोन वस्तूही जास्त होतात. इंडक्शन घरीच ठेवा, गाडीतल्या गॅसवर करा. भारतातून आणलेला २३० व्होल्टचा मिक्सर इथे चालणार नाही. चटणी-वाटण करूनच निघा.

शेगडी अरुंद असते, तीन लिटरचा कुकर बरा. फिशिंग ब्रिज ७,८०० फुटांवर आहे आणि तिथे पाणी ९२ अंशांच्या आसपासच उकळतं. उघड्या पातेल्यात डाळ शिजता शिजत नाही. कुकरलाही एखाददुसरी शिट्टी जास्त द्या. फोडणीआधी छतावरचा पंखा आणि खिडकी उघडा. धुराचा अलार्म वाजतो म्हणून त्याची बॅटरी काढू नका. आणि ऊब यावी म्हणून शेगडी पेटवून ठेवू नका, कार्बन मोनॉक्साइडने जीव जातो.

मॅडिसनला पहाटे चार वाजता हीटर बंद पडला. गॅस तर भरलेला होता. (डेन्व्हर)

बॅटरी उतरली. फर्नेस गॅसवर तापते, पण तिचा पंखा १२ व्होल्टच्या बॅटरीवर फिरतो आणि सात-आठ अँपिअर खातो. रात्री आठ तासांतले चार तास तो फिरला तर तीसेक अँपिअर-तास गेले. शंभरच्या साध्या बॅटरीतले पन्नासच वापरता येतात, आणि दिवे, पाण्याचा पंपही त्यावरच असतात. जूनमध्येही तिथे रात्री पारा शून्याजवळ उतरतो. संध्याकाळी आठच्या आत जनरेटर दोन तास चालवा, त्यानंतर सकाळी आठपर्यंत परवानगी नसते. थर्मोस्टॅट ६० फॅरनहाइटवर ठेवा, रजया जास्त घ्या. बाबांचं सीपॅप (झोपेत श्वासाला मदत करणारं यंत्र) असेल तर १२ व्होल्टचा अ‍ॅडॅप्टर मागवून ठेवा, कारण इन्व्हर्टर नसलेल्या गाडीत जनरेटर बंद झाला की भिंतीतले प्लग मेलेले असतात. आणि पेट्रोलची टाकी पावाच्या वर ठेवा. त्याखाली गेली की जनरेटर आपोआप बंद होतो, गाडी मात्र चालते.

थोडक्यात (इतर पत्रांतल्या प्रश्नांची उत्तरं)

फ्रीज गॅसवर चालणारा असेल तर गाडी समतल हवी. ओट्यावर ताटलीत पाणी ठेवून बघा, आणि खालच्या बाजूच्या चाकांखाली ठोकळे घाला. निघायच्या आदल्या रात्रीच फ्रीज चालू करा. (सॅन डिएगो)

अस्वल आणि लांडग्यांपासून १०० यार्ड, बायसन आणि एल्कपासून २५ यार्ड अंतर ठेवा. कुकर, खरकटं, अगदी रिकामा बर्फाचा डबासुद्धा बाहेर ठेवायचा नाही. (शिकागो)

२०२६ पासून अमेरिकेचे रहिवासी नसलेल्या, १६ किंवा त्याहून जास्त वर्षांच्या पाहुण्यांना यलोस्टोनसह ११ पार्कमध्ये माणशी १०० डॉलर जादा आकारणी आहे. वार्षिक प्रवेश पास कोणाला लागू होतो ते आई-बाबांची तिकिटं काढतानाच पार्कच्या संकेतस्थळावर बघा. (अटलांटा)